बारावा दगड

विद्यापीठाच्या राखीव जमिनीचे राखणदार म्हणून सुसरनानांना एकतीस वर्षं झाली होती, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी जेवढ्या थापा मारल्या तेवढी गवताची पातीही त्या जमिनीत उगवली नसतील. सुसरनाना हे नाव त्यांना अशाच एका थापेने मिळालेलं. पहिल्या वर्षाची मुलं राखीव बघायला आली की नाना त्यांना पाणथळीच्या काठावर उभं करत, आवाज उतरवत आणि सांगत, "ऐन पुराचं वर्ष होतं. पलीकडच्या काठावर माझा डबा राहिला होता. ओंडका समजून पाय ठेवला, तर ओंडका चालायला लागला. अर्ध्यात आल्यावर तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाई, आता निघालीच आहेस तर काठापर्यंत सोड." सुसरीने सोडलं. शिवाय डब्यातला अर्धा भाग तिला द्यावा लागला. एका वर्षी एका पोराने विचारलं, "नाना, तिला तिखट चाललं?" नाना म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. लोक उगाच म्हणतात, सुसरीचे अश्रू खोटे असतात."

त्या पाणथळीत बेडकापेक्षा मोठं काही कधी राहिलं नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे हसायचे. थाप मारणाऱ्या माणसाची ही एक सोय असते. लोक त्याच्या थापा मोजत बसतात आणि त्याने काय सांगितलं नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही. नानांनी एकच गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि नेमकी तेवढीच खरी होती.

ती गोष्ट दगडांची. साठ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या डॉक्टरने ही जमीन विद्यापीठाला दिली तेव्हा तिच्याभोवती बावीस दगड रोवले, प्रत्येकाच्या माथ्यावर आकडा कोरला आणि दानपत्रात लिहून ठेवलं की या दगडांच्या आत नांगर, कुऱ्हाड आणि वीट कधीही यायची नाही. दगडांच्या बाहेर विद्यापीठाने काय हवं ते करावं. दरवर्षी पाहणीच्या आधी बावीसच्या बावीस दगडांना चुना फासायचा, हे राखणदाराचं काम. त्यातले एकोणीस दगड कोरड्यात होते. अकरा, बारा आणि तेरा हे तीन पाणथळीच्या पलीकडे, चिखलात. तिथे जायचं म्हणजे एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचला, आणि पाय कुठे आहेत ते देवाला माहीत. जळवा एवढ्या की घरी आल्यावर काढून मोजायच्या आणि दाराशी ओळीत मांडायच्या.

एकोणीस वर्षांपूर्वी नानांचा गुडघा सुजला होता आणि पाहणी चार दिवसांवर आली होती. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हाताशी धरलं, दोर बांधले आणि ते तिन्ही दगड ओढून अलीकडच्या कोरड्या बांधावर आणून रोवले. अकरा आणि तेरा अख्खे आले. बारावा मधोमध मोडला. खालचा अर्धा चिखलातच राहिला. वरचा अर्धा, आकड्यासकट, त्यांनी बांधावर पुरला. दिसायला बाकीच्यांसारखाच. गुडघा बरा झाला की परत नेऊन ठेवू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गुडघा बरा झाला. पाहणी झाली. पाहणीवाल्यांनी बावीस दगड मोजले, चहा घेतला आणि गेले. ट्रॅक्टरवाला पुढे वारला. आणि पाच वर्षांनी विद्यापीठाने राखीवचा पक्का नकाशा करून घेतला, तो दगडांवरूनच. अशा रीतीने अख्खी पाणथळ एका सुजलेल्या गुडघ्यापायी राखीवच्या बाहेर गेली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

लागायचं कारणही नव्हतं. पाणथळ होती तिथेच होती. बेडूक ओरडत होते, लव्हाळं वाढत होतं. मग गोल्फचं मैदान आलं.

मैदान कुलसचिवांच्या डोक्यातून आलं होतं. माणूस वाईट नव्हता. जुने विद्यार्थी मोठमोठ्या हुद्द्यांवर गेले होते, वर्षातून एकदा यायचे, दोन तास भाषणं ऐकायचे आणि जायचे. त्यांना दोन दिवस थांबवून घ्यायचं तर काहीतरी खेळायला हवं, असं कुलसचिवांचं साधं गणित. अठरा होलचं मैदान राखीवच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत बसत होतं, फक्त सातवं होल पाणथळीवर येत होतं. त्यासाठी ती बुजवावी लागणार होती.

मैदानासाठी नेमलेल्या समितीची सुनावणी एका दुपारी मोठ्या सभागृहात झाली. नाना मागच्या रांगेत, भिंतीला टेकून.

"हिरवंच तर राहणार आहे सगळं," कुलसचिव म्हणाले. "उलट आतापेक्षा हिरवं."

"सतरंजीही हिरवी असते," गवतबाई म्हणाल्या.

गवतबाई म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. सगळा जन्म गवत मोजण्यात गेलेला. चालतानाही खाली बघत चालायच्या, त्यामुळे दोनदा खांबाला धडकल्या होत्या आणि दोन्ही वेळा खांबालाच सॉरी म्हणाल्या होत्या. नानांच्या थापांना विद्यापीठात त्या एकट्या हसत नसत. शांतपणे विचारत, "सुसर किती लांब होती? नोंद केलीत का?"

"मैदानाला तुमचा विरोध समजू शकतो," कुलसचिव म्हणाले, "पण राखीवच्या बाहेरच्या जागेला राखीवचा नियम कसा लावणार?"

"पाणथळ राखीवच्या आत आहे," बाई म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी असताना बाराव्या दगडाला टेकून डबा खायचे. पाय पाण्यात असायचे माझे."

कुलसचिवांनी पडद्यावर नकाशा लावला. बारावा दगड बांधावर, कोरडा ठणठणीत. पाणी तिथून चांगलं दीडशे पावलं लांब. "पाय बरेच लांब होते मग," कुलसचिव म्हणाले. सभागृह हसलं. अगदी दुष्टपणे नाही, सभागृहं हसतात तसं.

बाई नकाशाकडे बघत राहिल्या. मग हळूच खाली बसल्या. मागच्या रांगेत नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली, परत काढली.

सुनावणी संपल्यावर बाई पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या. नाना दुसऱ्या दाराने सटकणार होते, पण बाईंनी हाक मारली.

"नाना, बसा जरा. तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही मला इतकी वर्षं बघताय. मी हल्ली विसरते का?"

"सगळेच विसरतात, बाई."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. न घडलेल्या गोष्टी ती अशा ठामपणे सांगायची की आम्हीच गोंधळायचो." त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. विद्यार्थिदशेतली, कडा पिवळ्या पडलेली. एका पानावर शाईने लिहिलं होतं, दगड बारा, पाण्यात, त्याभोवती लव्हाळ्याच्या चार जाती. त्यावर लाल पेनने काट मारली होती. "नकाशा आला तेव्हा मीच मारली. म्हटलं, मुलगी नवखी होती, चुकली असेल. पण आठवण काही जात नाही, नाना. दगड पाठीला गार लागायचा, तेसुद्धा आठवतं. मैदानाचा नकाशा लागल्यापासून रोज सकाळी आरशासमोर उभी राहून महिन्यांची नावं उलटी म्हणते. अजून येतात. ज्या दिवशी येणार नाहीत त्या दिवशी राजीनामा देईन."

नानांनी त्या लाल काटेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "डिसेंबरपासून सुरू करता ना?"

"डिसेंबरपासून."

"मग बरोबर आहे," नाना म्हणाले आणि उठले.

घर म्हणजे राखीवच्या फाटकाजवळचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मागे अवजारांची पडवी, पुढे काकूच्या कपडे वाळत घालायच्या दोन तारा. काकू म्हणजे नानांची बायको. विद्यापीठात सगळे तिला काकूच म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यानंतरही क्वार्टर दोन वर्षं त्यांच्याकडेच राहील, असं कुलसचिवांनी तोंडी कबूल केलं होतं. नानांनी जेवताना सगळं सांगितलं. सुनावणी, बाई, वही, महिने. एकच गोष्ट सोडून.

"मग सांगून टाका ना," काकू म्हणाली.

"काय सांगू?"

"दगड कुठे होते ते."

नानांचा घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं? ट्रॅक्टरवाल्याने?"

"मला कोण कशाला सांगतंय. बारा वर्षं तुमची पँट पाहणीच्या आठवड्यात मांडीपर्यंत चिखलाने बरबटून यायची. दोन दोन दिवस भिजत घालायचे मी. मग एका वर्षी आली ती कोरडी. दुसऱ्या वर्षी पण कोरडी. मला वाटलं, एक तर पाणथळ आटली, नाहीतर तुम्ही काहीतरी भानगड केलीत. पाणथळ काही आटली नव्हती."

"एकोणीस वर्षं बोलली नाहीस ती?"

"पँट धुवायला सोपी झाली होती," काकू म्हणाली. ताटात भाजी वाढत म्हणाली, "माझंही चुकलंच."

"नोकरी जाईल. निरोप समारंभ तर विसरच. घर जाईल."

"आणि त्या बाईंचं डोकं जाईल, त्याचं काय?"

 यावर एखादी थाप असती तर नानांनी मारली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला शर्ट घालून कुलसचिवांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुडघा, दोर, ट्रॅक्टर, मोडलेला दगड. कुलसचिवांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"नाना, सुसरीने दगड ओढले असं सांगितलं असतं तर जास्त मजा आली असती."

"साहेब, खरं सांगतोय."

"बाईंनी पाठवलं का?"

"बाईंना माहीतच नाही."

"हे बघा, तुम्हाला त्यांची दया येते, मलाही येते. पण त्यांच्यासाठी तुम्ही स्वतःवर एवढा मोठा आळ घ्यायचा? समितीसमोर हे बोललात तर मला चौकशी लावावी लागेल. आणि बोलून उपयोग काय? तुमचा साक्षीदार कोण? मेलेला ट्रॅक्टरवाला. घरी जा, चार महिने राहिलेत. मी काही ऐकलंच नाही."

नाना बाहेर आले. जन्मभर खोटं बोललो तर लोकांनी मान डोलावून ऐकलं, आणि एकदा खरं बोललो तर साहेबांना माझी दया आली. त्यांना हसूही आलं आणि घामही फुटला. आपण खोटं केलं होतं हे सिद्ध करायला आता पुरावा शोधावा लागणार होता, आणि पुरावा होता चिखलात, बारा हात खोल नसला तरी पुरेसा खोल.

समितीची शेवटची बैठक सोमवारी होती आणि आज गुरुवार. नानांनी पडवीतून लांब लोखंडी गज काढला आणि पाणथळीत शिरले. पावलं मोजत जायचं, गज खुपसायचा, दाबायचा, काढायचा. एकोणीस वर्षांत लव्हाळं पुढे सरकलं होतं. जो वाळलेला वृक्ष खूण म्हणून ठरलेला होता तो कधीच पडून कुजला होता. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू आली, कपडे गुडघ्याच्या वर खोचून, हातात स्वयंपाकघराच्या पडद्याचा दांडा.

"तू कशाला?"

"धुवायचं तर मलाच आहे, मग बरोबरच होऊ दे."

मैदानासाठी जमीन मोजायला आलेला मोजणीदार काठावरून दोन दिवस हे बघत होता. तरुण पोरगा, डोक्यावर मोठी टोपी, तीन पायांचं यंत्र खांद्यावर. शेवटी त्याने विचारलं, "नाना, सुसर शोधताय का?"

"दगड शोधतोय," नाना म्हणाले. "बारावा."

"तो काय बांधावर आहे."

"अर्धा आहे."

मोजणीदार जायला निघाला होता तो थांबला. यंत्र खाली ठेवून त्याने खिशातली वही उघडली. "एक विचारू? बाकी सगळे दगड एकमेकांपासून दोनशे दोनशे पावलांवर आहेत. फक्त दहा ते चौदाच्या मध्ये अंतर कमी आहे. मला वाटलं, रोवणाऱ्यांचे पाय तोवर दमले असतील." तो नानांच्या चिखलाने भरलेल्या अवताराकडे बघत राहिला. "दोनशेचा हिशोब धरला तर बारावा कुठे येईल ते मी सांगू शकतो. आता तुम्ही उभे आहात तिथून बराच उजवीकडे. तुम्ही चुकीच्या डबक्यात आहात, नाना."

शनिवारी दुपारी मोजणीदाराने काठावरून हात हलवून हलवून काकूला नेमक्या जागी उभं केलं. काकूने दांडा खुपसला. तो दांडा पोकळ होता, म्हणून आवाज चांगला घुमला.

"दगड आहे की तुमचं नशीब?" ती म्हणाली.

दगडच होता. हातभर खाली, वरची कड तिरकी मोडलेली. नानांनी चिखलात हात घालून ती कड चाचपली आणि तसेच बराच वेळ वाकून राहिले. एखाद्याची नाडी बघावी तसे.

सोमवारी सगळी समिती बूट हातात घेऊन काठावर उभी होती. बांधावरचा अर्धा दगड उपटून आणला होता, चिखलातला अर्धा मोजणीदाराच्या माणसांनी वर काढला होता. दोन्ही एकमेकांवर ठेवले तेव्हा बोट घालायला फट राहिली नाही. वरच्या अर्ध्यावर चुन्याचे थरावर थर होते, खालचा काळा कुळकुळीत. कुणी हसलं नाही. नानांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी सगळ्यांसमोर, आणि लोकांना पहिल्यांदाच त्यांचं ऐकताना मजा आली नाही.

गवतबाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली, ते पान उघडलं, पण लाल काट तशीच ठेवली. नाना त्यांच्या जवळ गेले.

"बाई, तुमचं डोकं शाबूत आहे. तेवढंच सांगायचं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "ते मला आता दगडाने सांगितलं. तुम्ही सांगायला एकोणीस वर्षं होती तुमच्याकडे. सोडा ती एकोणीस. पायऱ्यांवर बसून मी महिन्यांबद्दल सांगत होते, तेव्हा तरी."

"हिंमत झाली नाही."

"डिसेंबरपासून सुरू करता ना, विचारलंत मला." त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

पाणथळ राखीवच्या आत आली. मैदान मात्र गेलं नाही. अठरा होल बसत नाहीत म्हणून समितीने नऊवर समाधान मानलं, आणि नकाशा पलीकडच्या बाजूला सरकवला. विद्यापीठाने गोल्फ खेळावा की नाही यावर वाद चालूच राहिला. वर्तमानपत्रात पत्रं आली, विद्यार्थ्यांनी फलक धरले, कुलसचिवांनी नऊचे पुढे बारा करता येतील का याची चौकशी सुरू केली. नव्या आखणीत तिसरं होल फाटकाजवळ येत होतं, बरोबर नानांच्या क्वार्टरवर. मोजणीदाराने खुंटी ठोकली ती काकूच्या वाळत घालायच्या तारांच्या मध्ये. ठोकताना त्याने चारदा माफी मागितली.

"ठोक रे बाबा," काकू म्हणाली. "कपड्यांना चेंडू लागला तर तेवढं बघ."

नानांना चार महिने आधीच निवृत्त केलं. जाण्याआधी तीन दगड मूळ जागी रोवून, चुना लावून द्यायचे, एवढी एक अट होती. देखरेखीला समितीने गवतबाईंना नेमलं.

बारावा लवकर झाला. त्याची जागा तोच सांगत होता. अकराव्याला अडलं. तो अख्खा निघाला होता, खाली काही उरलं नव्हतं. मोजणीदाराने दहा आणि बारा यांच्या बरोबर मध्ये, हिशोबाने, खुंटी ठोकली होती. नाना चिखलात मांडीपर्यंत उभे राहून त्या खुंटीकडे बघत होते.

"इथे नव्हता, बाई," ते म्हणाले. "दोन पावलं पलीकडे होता. खाली खडक लागला म्हणून तेव्हाच्या लोकांनी तो सरकवला असणार. ओढताना दोर खडकाला घासत होता, मला चांगलं आठवतं."

बाई काठावर वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"नाना, सुसर होती का कधी?"

"नाही, बाई."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

बाईंनी थोडा वेळ खुंटीकडे पाहिलं, थोडा वेळ त्या दोन पावलं पलीकडच्या पाण्याकडे. तिथे लव्हाळं वाऱ्याने हलत होतं आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"मोजलंय तिथेच लावा," त्या म्हणाल्या.

नानांनी दगड मोजलेल्या जागी लावला, दोन पावलं चुकीच्या. ओळंब्यात धरला, बाजूने माती दाबली, चुना फासला. बाईंनी वहीत नोंद केली.

घरी अर्धं सामान बांधून झालं होतं. काकू दारात उभी होती. तिने पँटीकडे पाहिलं. मांडीपर्यंत चिखल, कडेला दोन जळवा.

"काढा ती. भिजत घालते," ती म्हणाली. "उद्या परत जायचंय?"

"तेरावा राहिलाय," नाना म्हणाले आणि जळवा काढायला उंबऱ्यावर बसले.